टाकी भरावी, पण वाहू नये: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

जलाशय गावाचा असो की घराच्या गच्चीवरचा, तो भरलेला असावा पण ओसंडू नये, ही अपेक्षा दिसावयास साधी असली, तरी तिच्या पूर्तीसाठी जी साधने बाजारात मिळतात आणि जे सल्ले शेजारीपाजारी विनामूल्य मिळतात, त्यांच्याविषयी पुष्कळ गैरसमज रूढ आहेत. त्यांची छाननी केली असता बहुतेकांच्या मुळाशी एकच दोष आढळतो, तो असा की, पाण्याच्या प्रत्यक्ष पातळीस विचारावयाचे सोडून माणूस घड्याळावर, अंदाजावर किंवा यंत्राच्या किमतीवर भिस्त ठेवतो.

गैरसमज: आपोआप भरण्याच्या तजविजीस वीज लागतेच.

वस्तुस्थिती: ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओस याने आपल्या जलघटिकेत पाण्याचा ओघ एकसारखा राहावा म्हणून तरंगता फ्लोट योजिला होता, आपल्या टाकीतला बॉलकॉक हा त्याच तत्त्वाचा वारस होय. वर चढणारे पाणी पोकळ चेंडूस उचलते, चेंडू दांड्यास उचलतो आणि दांडा नळाचे तोंड दाबून धरतो. 11 सेंटिमीटर व्यासाचा चेंडू अर्धा बुडाला, तर त्यास सुमारे 350 ग्रॅमचा उद्धारक जोर मिळतो. त्यातून चेंडूचे स्वतःचे वजन वजा जाता जे उरते, ते लांब दांड्याच्या योगाने अनेक पटींनी वाढून तोंडाशी पोहोचते. उलटपक्षी, 10 मीटर उंचीवरून येणारे पाणी 6 मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर पाव किलोहून किंचित अधिक एवढाच रेटा देते, म्हणून चेंडू जिंकतो. परंतु पाणी 30 मीटरांवरून येत असेल, तर हा रेटा तिप्पट होतो, आणि तेथे आखूड दांड्याचा, लहान चेंडूचा कॉक थेंबथेंब गळत राहतो. अशा वेळी दोष कारागिराचा नसून निवडीचा असतो.

मोठ्या प्रमाणावरही हेच साधले आहे. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या सांडव्यावर 1903 साली जे स्वयंचलित दरवाजे बसविले, ते ठरावीक पातळीपर्यंत पाणी अडवून धरीत, पूर त्यापुढे चढू लागला म्हणजे कोणाच्या हुकमाची वाट न पाहता उघडत, आणि पूर ओसरताच पुन्हा मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढविता साठा वाढविता आला. या योजनेचे एकस्वही त्यांनी घेतले.

गैरसमज: बॉलकॉक बसविला की मोटरीची चिंता मिटली.

वस्तुस्थिती: पालिकेचे पाणी आपल्या दाबाने टाकीत येत असेल, तर हे खरे आहे, जमिनीखालच्या टाकीतून पंपाने पाणी वर चढवीत असाल, तर नव्हे. कॉक पाणी अडवितो, मोटर थांबवीत नाही. तोंड मिटल्यावरही पंपाचे पाते तेच ते पाणी आतल्या आत घुसळीत राहते, ते तापते आणि पंपाचे सील निकामी होते. यासाठी मोटरीचा वीजप्रवाह तोडणारा फ्लोट स्विच हवा. कॉक असलाच तर तो जोडीस राहावा, त्याच्या बदली नव्हे. खालची टाकी रिकामी झाल्यासही मोटर बंद पडली पाहिजे, कारण कोरडा चाललेला पंप त्याहून लवकर बिघडतो. म्हणून वरचा व खालचा असे दोन स्विच एकाच ओळीत जोडावेत, म्हणजे दोघांची संमती असल्याखेरीज मोटर चालणार नाही.

गैरसमज: टाइमर लावला तरी पुरते.

वस्तुस्थिती: टाकी भरण्यास लागणारा वेळ विजेच्या दाबावर, वरच्या टाकीत आधी किती पाणी उरले होते यावर आणि भरत असताना किती नळ उघडे आहेत यावर अवलंबून असतो; यांपैकी एकही बाब टाइमरास कळत नाही. मिनिटास 40 लिटर चढविणारी मोटर केवळ दहा मिनिटे अधिक चालली, तर 400 लिटर पाणी वाहून जाते. शहरी पाणीपुरवठ्याचे माणशी दररोज 135 लिटर हे प्रचलित प्रमाण धरल्यास, तीन माणसांच्या दिवसाच्या गरजेस ते जवळजवळ पुरले असते.

गैरसमज: पाणी जरासे उतरताच मोटर सुरू होणे, हीच खरी अचूकता.

वस्तुस्थिती: सुरू होण्याची आणि बंद होण्याची पातळी एकच ठेवली, तर टाकीतल्या लाटांनीदेखील मोटर चालूबंद होत राहील. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते; हा धक्का वारंवार बसल्यास वेटोळी तापतात आणि स्टार्टरचे संपर्कबिंदू जळतात. म्हणून एक तृतीयांश पाणी उरले असता सुरू व्हावे आणि काठाखाली चार बोटे राहिली असता थांबावे, असे हेतुपुरस्सर अंतर ठेवावयाचे असते. तारेने लोंबकळणाऱ्या फ्लोटमध्ये हे अंतर, तार बांधलेल्या जागेपासून फ्लोटपर्यंतच्या लांबीवर ठरते; ती लांबी वाढविली की अंतर वाढते.

गैरसमज: धातूच्या सळ्यांचे सेन्सर बिनचूकच असतात.

वस्तुस्थिती: शुद्ध पाणी विजेचे अगदी दुर्बल वाहक आहे, नळाच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे हे सेन्सर काम करतात. त्यांतून एकाच दिशेने वाहणारा प्रवाह सोडला, तर विद्युत्-विश्लेषणाने सळ्या झिजतात, यास्तव अल्प दाबाचा, दिशा बदलणारा प्रवाह योग्य. जड पाण्याच्या गावी सळ्यांवर क्षारांची पुटे चढतात आणि पाणी पोहोचले तरी ते जाणवत नाही, म्हणून त्या अधूनमधून घासाव्या लागतात.

गैरसमज: यंत्र चोख असले, तर ओव्हरफ्लोचा पाइप कशाला?

वस्तुस्थिती: सर्वांत घातक समज हाच. फ्लोट अडकतो, संपर्कबिंदू चिकटतात, तार तुटते. तेव्हा पाण्यास वाट लागतेच. ही वाट भरणाऱ्या पाइपाहून रुंद असली पाहिजे, कारण आत येणाऱ्या पाण्यास पंपाचा जोर असतो, तर बाहेर जाणाऱ्यास काठाखालच्या चार बोटांच्या उंचीचाच रेटा मिळतो. तिच्या तोंडाशी बारीक जाळी असावी, अन्यथा डेंग्यूचा फैलाव करणाऱ्या एडिस डासास टाकी हे आयते आश्रयस्थान मिळते. तसेच भरणाऱ्या पाइपाचे तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीहून वर ठेवावे, म्हणजे वक्रनलिकेच्या न्यायाने टाकीतले पाणी उलट ओढले जाण्याचे भय उरत नाही.

ओव्हरफ्लोच्या पाइपाचे तोंड मात्र पुष्कळदा पावसाळी नळात किंवा मागच्या गल्लीत गुपचूप सोडलेले असते, आणि त्यायोगे यंत्र बिघडल्याची खबर महिनोन्महिने कोणासच लागत नाही. ते येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी आणावे. महिन्यातून एकदा फ्लोट हाताने उचलून मोटर खरोखर बंद पडते की नाही, याची तपासणी करावी. आणि साधन विकत घेताना, ते किती काळ टिकेल या प्रश्नाआधी, ते बिघडले तर आपल्यास कसे कळेल, हा प्रश्न दुकानदारास विचारावा.