पेढीवरचे बिनतारी जाळे : वाहिनी कोणती निवडावी?

आपल्या पेढ्यांवर वहीखात्यांच्या शेजारी आता आणखी एक लहानशी पेटी येऊन बसली आहे. तिला सर्वजण राउटर म्हणतात. ती चालते तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. ऐन दुपारी ती अडखळली म्हणजे मात्र सारी पेढी अडते. निपाणीहून कोल्हापूरकडे निघालेला ट्रक कोगनोळी ओलांडताच परराज्यात शिरतो, आणि १ एप्रिल २०१८ पासून अशा वाहतुकीस, माल पन्नास हजार रुपयांवरील असल्यास, ई-वे बिल लागते. बिल निघत नाही, ट्रक हलत नाही आणि हमाल ओट्यावर बसून आहेत, हा प्रसंग सीमाभागातील व्यापारी बंधूंस अपरिचित नसावा. अशा वेळी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीवर दोष टाकून आपण मोकळे होतो. पुष्कळदा तो तिचा असतोही. परंतु दाट वस्तीच्या पेठांत तो आपल्याच दुकानातील हवेत असण्याचा संभव बराच असतो.

याची परीक्षा सोपी आहे. संगणक तारेने राउटरला जोडून पाहावा. तारेवर काम सुरळीत चालते आणि बिनतारी जोडणीवर अडखळते, असे दिसल्यास खोड हवेत आहे असे समजावे. तारेवरही तीच रड असेल, तर कंपनीच्या माणसास बोलावणेच इष्ट.

हवेत खोड ती कसली? आपल्या भागातील वडीलधाऱ्यांस रेडिओचा काळ आठवत असेल. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले, सांगलीचे १९६३ साली. धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर व सांगली १२५१ वर लागे. सरकारने प्रत्येकास जागा नेमून दिली होती, म्हणून कोणी कोणाच्या आवाजावर चढत नसे. वाय-फायचे तसे नाही. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. ज्या देशात एके काळी साधा रेडिओ ठेवण्यासही परवाना लागे, तेथे ही मोठीच सोय झाली. पण त्याबरोबर जागा वाटून देणारा कारकूनही उरला नाही. ज्याने त्याने यावे आणि हवी ती वाहिनी, म्हणजे चॅनेल, धरावी.

या पट्ट्यात तेरा वाहिन्या आहेत खऱ्या, पण त्या परस्परांपासून केवळ पाच मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत, आणि एका राउटरला सुमारे वीस मेगाहर्ट्झ जागा लागते. त्यामुळे एकमेकींस धक्का न लागणाऱ्या वाहिन्या सामान्यतः तीनच मानल्या जातात : १, ६ आणि ११. येथे एक समजूत पुष्कळांस फसविते. शेजारी १ वर आणि ६ वर आहेत, तेव्हा आपण मधली ३ किंवा ४ घ्यावी, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ते दोघांसही बाधते. एकाच वाहिनीवरील यंत्रे परस्परांचे बोलणे ऐकतात व आपापली पाळी येईपर्यंत थांबतात. काम मंदावते, पण चालते. मधल्या वाहिनीवरील यंत्राचे बोलणे मात्र शेजाऱ्यास कळत नाही, त्याचा केवळ गोंगाट ऐकू येतो.

समजा, बेळगावच्या रविवार पेठेत ओळीने सहा दुकाने आहेत. पहिल्याने १, दुसऱ्याने ६, तिसऱ्याने ११ आणि पुढच्या तिघांनी पुन्हा त्याच क्रमाने वाहिनी घेतली, तर समान वाहिनीची दुकाने परस्परांपासून दूर पडतात. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांनाही त्यात धरावे, कारण लहरी छतातूनही जातात. एकट्याने वाहिनी बदलून लाभ होतो. पण शेजाऱ्यानेही दुसऱ्याच दिवशी तीच घेतली, तर तो टिकत नाही. चहाच्या वेळी पाच मिनिटांत ठरण्यासारखी ही गोष्ट आहे.

बदलण्याची रीत अशी. शेजारच्या वाहिन्या दाखविणारे अ‍ॅप भ्रमणध्वनीवर मिळते. त्यात १, ६, ११ पैकी कोणती मोकळी वा क्षीण आहे ते पाहावे. राउटरच्या तळाशी एक पत्ता छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा. तो ब्राउझरमध्ये घालून संकेतशब्द द्यावा. वायरलेस विभागात ‘ऑटो’ काढून निवडलेला आकडा द्यावा, रुंदी चाळीसऐवजी वीस मेगाहर्ट्झ ठेवावी आणि जतन करावे. मिनिटभर जोडणी तुटते व आपोआप परत येते. ‘ऑटो’वर सर्वस्वी विसंबू नये, अनेक यंत्रे केवळ सुरू होताना वाहिनी निवडतात, आणि सकाळी दुकान उघडताना मोकळी दिसलेली वाट दुपारी गजबजते. आत गेल्यासारखे, कंपनीने घातलेला मूळ संकेतशब्दही बदलून टाकावा.

नव्या राउटरांत ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टाही असतो. त्यात वाहिन्या पुष्कळ व गर्दी कमी. परंतु जाड भिंती त्याला सोसत नाहीत. गादीजवळच्या संगणकास तो द्यावा, मागच्या गोदामास २.४ चाच. जो संगणक जागचा हलत नाही, त्याला तार जोडणे सर्वांत उत्तम, असे आमचे मत आहे. शेजारी उपाहारगृह असल्यास तेथील मायक्रोवेव्ह भट्टीही याच २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते. राउटर त्या भिंतीपासून दूर, उंचावर ठेवावा.

बदल केल्यावर परीक्षा रात्री घेऊ नये, तेव्हा सारेच सुरळीत चालते. दुपारी बारा ते दोनच्या गर्दीत घ्यावी.