इंझोरी गाव नकाशात समुद्रात का जातं? उपग्रह-चित्र कापताना होणारा घोळ समजून घ्या

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातील इंझोरीच्या शिवारात सोयाबीन कसं आहे, हे उपग्रहावरून पाहायचंय. तुमच्याकडे गावाच्या हद्दीची फाइल आहे, सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्रही आहे. पायथनमध्ये गावापुरतं चित्र कापायचं, इतकंच काम. पण हाती रिकामं चित्र येतं, किंवा 'हद्द चित्रावर बसतच नाही' अशा अर्थाचा एरर. दोन्ही फाइल तर ठीक आहेत. मग चुकतं कुठे?

एकच गाव, दोन पत्ते

गावाची हद्द बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशात असते. या पद्धतीचा क्रमांक ईपीएसजी ४३२६. त्यात वाशिम परिसराचे आकडे येतात ७७ आणि २० च्या आसपास. उपग्रह-चित्र मात्र मीटरमध्ये असतं. वाशिमसाठी ती पद्धत यूटीएम झोन ४३, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. तिथे पूर्वेचा आकडा ७ लाखांच्या वर, तर उत्तरेचा २२ लाखांच्या आसपास जातो. ७७ आणि ७ लाख एकमेकांशी जुळणार कसे?

लेबल बदलू नका, आकडे बदला

जिओपांडाजमध्ये दोन कमांड आहेत. 'सेट_सीआरएस' फक्त लेबल लावते, 'टू_सीआरएस' आकडे प्रत्यक्ष बदलते. अक्षांश-रेखांशाच्या फाइलवर जबरदस्तीने ३२६४३ चं लेबल लावलं, तर इंझोरी थेट मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरात पोहोचतं! 'सेट_सीआरएस' वापरायची ती फाइलवर लेबलच नसेल आणि मूळ पद्धत नक्की माहीत असेल तेव्हाच.

मग करायचं काय?

१. दोन्ही फाइलचा सीआरएस आधी तपासा.
२. हद्द चित्राच्या पद्धतीत बदला. चित्र बदललं तर पिक्सेलची नव्याने मांडणी होते आणि मूळ मूल्यं बदलू शकतात.
३. मगच कापा. क्षेत्रफळ मीटरच्या पद्धतीतच मोजा. अंशांत हेक्टर निघत नाहीत.

झोनही पाहा. झोन ४३ हा ७८ अंश पूर्व रेखांशाला संपतो. त्यामुळे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याचा पूर्व भाग झोन ४४ मध्ये जातो.

एरर न देणारी चूक

रिकामं चित्र आलं की चूक निदान कळते तरी. खरा धोका जुन्या नकाशांचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट या आधारावर काढलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतं. जुन्या नकाशावरून आखलेल्या हद्दीला नवं लेबल लावलं, तर आपल्याकडे ती शंभर मीटरहून जास्त सरकते. कोड मुकाट चालतो आणि शिवेवरचं शेत शेजारच्या गावात मोजलं जातं. त्याच आकड्यांवर पीक नुकसानीचा अंदाज बांधला, तर फटका शेतकऱ्याला बसतो.

म्हणून कापण्याआधी हद्द चित्रावर ठेवून पाहा. ओळखीचा रस्ता, तलाव किंवा नाला जागेवर दिसतोय का? दिसला, तरच पुढे जा.