‘किती संयम लागत असेल ना!’

परीक्षा जवळ आल्या की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘उद्या ११च्या पेपरला लेखनिक हवा आहे. कोणी फ्री आहे का?’ लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो, त्यामुळे एफवायच्या मुलांना मागणी जास्त. तुमच्यापैकी काही जण गेलेही असाल. समोर बसलेल्या मुलीला दिसत नाही. ती धडाधड उत्तरं सांगतेय आणि तुमचा हात दुखायला लागलाय. तीन तासांनी बाहेर पडताना लक्षात येतं, की तिला सगळं येत होतं. अडत होतं ते फक्त कागदापाशी.

अशाच एखाद्या दिवशी डोक्यात किडा वळवळतो, ‘आपण हेच काम का करू नये?’ विशेष शिक्षक व्हायचं म्हणून घरी बोलून दाखवलं, की तीन वाक्यं ऐकू येतात. आई म्हणते, ‘किती संयम लागत असेल ना!’ मावशी म्हणते, ‘पुण्याचं काम आहे बाई.’ आणि बाबा पेपरातून डोकं वर न काढता विचारतात, ‘पगार किती?’

आधी आईचं घेऊ. शर्टाचं बटण तुम्ही कसं लावता, ते पायरी-पायरीने सांगून बघा. बटण चिमटीत धरायचं. दुसऱ्या हाताने काजाची कड धरायची. बटण उभं करून आत सरकवायचं. पलीकडून पकडायचं. ओढायचं. रोज दोन मिनिटांत उरकणाऱ्या कामात, एका बटणामागे, निदान पाच पायऱ्या निघतात. याला टास्क अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि विशेष शिक्षकाच्या प्रशिक्षणात ते सतत करावं लागतं.

आता गंमत बघा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला बटण शिकवताना बऱ्याचदा शेवटापासून सुरुवात करतात. पहिल्या चार पायऱ्या बाई करतात, शेवटचं ओढणं तेवढं मुलाने करायचं. ते जमलं की शेवटच्या दोन त्याच्या, मग तीन. असं का? कारण या पद्धतीत बटण दरवेळी त्याच्या हातून लागतं. पहिल्या पायरीपासून शिकवलं असतं, तर काम पूर्ण करायला दरवेळी दुसराच कोणीतरी आला असता. आता याला नुसता संयम म्हणायचं?

हेच तत्त्व ताणलं की सतरा वर्षांच्या मुलाला पीएमपीने एकट्याने जायला शिकवता येतं. डेक्कनला योग्य नंबरची बस ओळखायची, हात दाखवायचा, सुटे पैसे हातात तयार ठेवायचे, स्वारगेट आलं की उतरायचं. शिवाय ‘बस आलीच नाही तर काय करायचं’ ही पायरी. पुण्यात ती वगळून चालत नाही!

प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शैक्षणिक आराखडा लिहावा लागतो. आज काय येतं, ठरावीक मुदतीत काय यायला हवं आणि ते आलं हे कशावरून ओळखायचं. त्यात ‘प्रगती समाधानकारक’ असलं गुळमुळीत वाक्य उपयोगाचं नाही. ‘दहापैकी आठ वेळा, न सांगता, स्वतः बटण लावतो’ असं मोजता येईल असं लिहायचं.

दृष्टिदोष हा विषय घेतलात, तर आणखी एक धक्का. ब्रेल सहा टिंबांची लिपी, पण पाटीवर स्टायलसने लिहिताना कागद मागच्या बाजूने टोचतात. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी. कागद पालटला की तेच डावीकडून उजवीकडे वाचता येतं. ग्रॅज्युएट माणूस पुन्हा पहिलीत बसतो.

आता मावशी. हेलन केलरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. एका हातावर पंपाचं पाणी, दुसऱ्या हातावर बोटांनी लिहिलेला ‘पाणी’ हा शब्द आणि त्या क्षणी उघडलेलं जग. तो दिवस ५ एप्रिल १८८७चा. तिला शिकवणारी अ‍ॅन सुलिव्हन तेव्हा फक्त २० वर्षांची होती, म्हणजे तुमच्याच वयाची. गोष्टीत एक भाग सहसा येत नाही. हेलनच्या घरी जाण्याआधी अ‍ॅनने काही महिने बोस्टनच्या पर्किन्स शाळेतल्या जुन्या नोंदी वाचून काढल्या होत्या. लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीला तिथे ५० वर्षांपूर्वी कसं शिकवायला घेतलं, त्याच्या त्या नोंदी. पंपापाशी जो चमत्कार दिसला, त्याच्यामागे असा अभ्यास होता.

आपला कायदाही तेच मानतो. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, हिचा कायदा १९९२चा. मान्यताप्राप्त कोर्स आणि परिषदेकडे नोंदणी, या दोन्हींशिवाय हे काम व्यवसाय म्हणून करता येत नाही. केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुण्य कमवायला कोणी लायसन्स मागत नाही. इथे मागतात, कारण अर्धवट ज्ञानाच्या प्रयोगात एखाद्या मुलाची वर्षं वाया जातात.

राहिले बाबा. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते २१ झाले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आल्या. म्हणजे गरज फक्त विशेष शाळांपुरती उरली नाही, तुमच्या-माझ्या साध्या शाळेतही ती आहे. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साध्या शाळांसाठी प्रमाणही ठरवून दिलं. प्राथमिकला अशा दर १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना दर १५ मुलांमागे एक. मार्च २०२५मध्ये न्यायालयाने राज्यांना पुन्हा बजावलं, की मंजूर पदं जाहीर करा आणि भरा.

पण कागदावरचं पद आणि हातातला पगार यांत अंतर आहे, हे लपवून उपयोग नाही. या क्षेत्रात अनेकांनी वर्षानुवर्षं कंत्राटी मानधनावर, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरत काम केलंय. तेव्हा मुलाखतीत ‘पद कायम की कंत्राटी? वेतनश्रेणी कुठली?’ हे विचारायला लाजू नका. ‘सेवा आहे, पगाराचं काय घेऊन बसलात’ असं कोणी म्हणालं, तर वरचा लायसन्सचा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

आता रस्ता. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. विशेष शिक्षण, पदवीनंतर बी.एड. विशेष शिक्षण. दोन्हींत एक शाखा निवडावी लागते. बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, स्वमग्नता अशा शाखा आहेत. बी.एड.चा आराखडा सध्या बदलतोय, त्यामुळे फी भरण्याआधी त्या वर्षाच्या मान्यतेच्या यादीत कॉलेजचं आणि कोर्सचं नाव आरसीआयच्या साइटवर स्वतः तपासा. ‘मान्यता येतेय’ हे उत्तर चालणार नाही.

आणि फॉर्म भरण्याआधी एकदा बघून या. या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. कोरेगाव पार्कची अंधशाळा १९३४ सालची, डॉ. शंकरराव माचवे यांनी सुरू केलेली. गोखलेनगरची ‘कामायनी’ १९६४ची, सिंधुताई जोशींची. टिळक रस्त्यावर रुईया मूकबधिर विद्यालय आहे, एरंडवण्यात सेवासदनचं ‘दिलासा’ आहे. फोन करा, परवानगी मिळाली तर आठवडाभर नुसते मागे बसा. फोटो काढू नका, रील तर नकोच.

पहिल्या दिवशी कदाचित तुम्ही धावत जाऊन एखाद्या मुलाच्या बुटाची लेस बांधून द्याल. बाई काही बोलणार नाहीत. दुसऱ्या दिवशी शेवटची गाठ आवळायची तेवढी ठेवा, दोन्ही टोकं त्याच्या हातात द्या आणि आपले हात मागे घ्या. तो ओढेपर्यंत गप्प बसणं जमलं, तर फॉर्म भरायला हरकत नाही.