पाबंदी पायांची

रमजान सुरू झाला की मशिदीत एक गोष्ट दरवर्षी दिसते. एरवी दोन पायऱ्या चढल्या की कठड्याला धरून थांबणारे सत्तरीचे चाचा रात्री तरावीहला उभे राहतात. तरावीह म्हणजे या महिन्यातल्या रात्रींची जादा नमाज. बऱ्याच मशिदींत ती २० रकातींची असते. एका रकातीत एकदा कमरेतून वाकायचे आणि दोन सजदे करायचे. म्हणजे ४० वेळा कपाळ जमिनीला टेकवायचे, तेही दिवसभराच्या रोजानंतर. ज्यांना उभे राहणे झेपत नाही त्यांना बसून, खुर्चीवर पढण्याची मुभा आहे; तरीही येणे चुकत नाही. नमाज ही इबादत, व्यायाम म्हणून कुणी ती पढत नाही. पण याच चाचांना डॉक्टरांनी सांगितलेला दहा मिनिटांचा व्यायाम आठवडाभरही का टिकवता येत नाही, हा प्रश्न पडतोच.

उर्दूत याला उत्तर देणारा एक शब्द आहे, पाबंदी. मराठी वाचकाला तो बंदी या अर्थाने माहीत असतो. उर्दूत मात्र ‘नमाजचा पाबंद’ म्हणजे वेळ न चुकवणारा. मूळ फारसी: पा म्हणजे पाय आणि बंद म्हणजे बांधलेला. पाय एका वेळेला आणि चार माणसांना बांधले गेले, की उमेद आहे की नाही हे रोज सकाळी तपासावे लागत नाही. दोन दिवस सफीत दिसला नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी दारात येऊन विचारतो, ‘चाचा, तब्येत बरी ना?’

हास्य क्लबची गोष्ट अशीच आहे. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत लोखंडवालातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन तो सुरू केला. आधी विनोद सांगून हसायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, चावट सुरू झाले आणि लोक नाराज झाले. मग त्यांनी विनोदच काढून टाकले. जमायचे आणि कारणाशिवाय हसायचे. क्लब टिकला, पसरला. हसण्याचे कारण संपले तरी जमण्याची वेळ उरली होती.

आमच्या डोळखांबकडे बाग नाही, क्लब नाही. इथल्या म्हाताऱ्यांचे आयुष्य राब भाजण्यात, आवणीत, झोडणीत गेले; व्यायाम हा शब्दच शहरातला. (पुढे डेहण्याजवळ आजोबा पर्वत आहे, पण तो चढायला कुणा आजोबांना कोण सांगणार?) आता शेत मुलाकडे आणि दारात मोटरसायकल. शरीर अचानक बसते. त्यात खरी अडचण लाजेची. नुसते चालायला निघालेल्या आजीला वाटेत चौघी विचारतात, ‘कुठं निघाल्या?’ आणि ‘कुठं नाही’ असे सांगणे रिकामटेकडेपणाचे वाटते.

म्हणून मला वाटते, उपदेशापेक्षा काम द्यावे. नातवाला अंगणवाडीतून आणणे, दूध घालणे, देवळातल्या हरिपाठाला किंवा मशिदीला पायी जाणे. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढे आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालण्यासारखी हालचाल सांगते, शिवाय पडू नये म्हणून आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम. मिनिटे अशा फेऱ्यांतून भरतात. तोलासाठी ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे घरीच जमते.

रोजा असताना दुपारच्या उन्हात चालू नये. इफ्तारनंतर थोड्या वेळाने चालावे. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रोजे आणि व्यायाम दोन्हींबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे.

खरी परीक्षा ईदनंतरची. तरावीह संपते, सफ पांगते आणि आठवडाभरात गुडघे पुन्हा कुरकुरू लागतात. यंदा ईदच्या दुसऱ्या रात्री, इशानंतर, त्याच मंडळींनी एसटी थांब्यापर्यंत एक फेरी मारावी. हरिपाठ आटोपून घरी निघालेले काका वाटेत भेटले तर त्यांनाही बरोबर घ्यावे, आणि ‘कुठं निघालात?’ असे कुणी विचारलेच तर चौघांनी मिळून उत्तर द्यावे, ‘चालायला.’