बंदरे मोजू नका, प्रवेश मोजा

एका जहाजातून चार देश पाहावेत, ही हौस आता आपल्या गावातही रुजली आहे. पण तिकीट आधी निघते आणि व्हिसाचा विचार मागे राहतो. म्हणून त्याविषयी आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत.

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी, मोझेल नदीतील एका नौकेवर, पाच देशांनी परस्परांच्या सीमांवरील तपासणी क्रमाक्रमाने उठवण्याचा करार केला. आज त्या क्षेत्रात २९ देश आहेत. बार्सिलोना, मार्सेय आणि जिनोआ ही बंदरे तीन देशांची. पण भारतीय प्रवाशाला तेथे एकच शेंगेन व्हिसा पुरतो.

आता दुसरी सफर घ्या. जहाज अथेन्सजवळच्या पिरियसहून निघाले, तुर्कस्तानात कुशादासीला थांबले आणि ग्रीसच्या सान्तोरिनी बेटावर आले. तुर्कस्तान शेंगेनबाहेर आहे. म्हणजे आपण बाहेर पडून पुन्हा आत आलो. एकाच प्रवेशाचा व्हिसा अथेन्सलाच खर्ची पडला! येथे अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा, आणि तुर्कस्तानचे नियम वेगळे पाहावयास हवेत. नाहीतर वर्षानुवर्षांच्या बचतीची सफर धक्क्यावरच संपावयाची.

शेंगेनचा अर्ज, ज्या देशात मुक्काम अधिक त्याच्याकडे करावा. मुक्काम सारखेच असतील, तर प्रथम प्रवेश होईल त्या देशाकडे. प्रवासापूर्वी ६ महिन्यांपासून तो करता येतो. १५ दिवसांहून उशीर चालत नाही.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी जहाजाचे वेळापत्रक आणि पेन्सिल घेऊन बसावे, व प्रत्येक प्रवेशापुढे खूण करावी. तेवढ्या खुणांची सोय झाली, की मग खुशाल समुद्र पाहावा.