ताई, एकदा बघाल का?

गाजलेल्या मराठी चॅनलवर नवा व्हिडिओ पडला की त्याखालच्या सुरुवातीच्या कमेंट मी आवर्जून वाचते. ‘फर्स्ट’, ‘लय भारी दादा’ आणि त्यांच्या मध्ये हमखास एखादी: ‘दादा, मीपण व्हिडिओ बनवतो, एकदा बघा ना.’ बरेच जण याला भीक मागणं म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. कामावरून आल्यावर रात्री मोबाईलवर एडिटिंग करत बसणाऱ्या माणसाला त्याच कामात मुरलेल्या कुणी आपलं काम बघावं, असं वाटणारच. गवयालाही समोरच्या गवयाची मान डोललेली हवी असते.

शिवाय त्यामागे हिशेबही आहे. 2018 मध्ये यूट्यूबवर जाहिरातींच्या वाट्यासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं बघणं अशी अट आली. खेड्यातल्या मुलाला हा आकडा एकट्याने गाठणं अवघड. टिकटॉकवर ड्युएट होतं. मोठ्या कलाकाराच्या शेजारच्या चौकटीत आपण उभं राहायचं. त्याने ती सोय बंद ठेवली नसेल तर वेगळं विचारावंही लागत नसे. 29 जून 2020 ला बंदी आली आणि ती शेजारची जागा गेली. पुढच्या वर्षी इन्स्टाग्रामवर रीमिक्स आलं, कोलॅबही आलं. पण कोलॅबला समोरच्याचा होकार लागतो. म्हणजे पुन्हा विचारणं आलंच.

मी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत चित्रीकरण करते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके उठवायचे, ते मठारकाम. त्याने पत्रा कणखर होतो आणि भांड्याला ती ओळखीची चमक येते. कॅमेऱ्यासाठी मात्र हे काम कठीण. आवाज मोबाईलच्या माइकमध्ये फाटतो, म्हणून मी दुसरा फोन दाराबाहेर पायरीवर ठेवते आणि एडिटिंगमध्ये तो लांबचा आवाज चित्राला जोडते. हातोडी तांब्याला टेकते तो क्षण आणि आवाज नेमके जुळेपर्यंत पुढे जाववत नाही. एवढं केल्यावर, स्वयंपाकघरात रोज तांब्याची भांडी वापरणाऱ्या आणि लाखो लोक ज्यांचे पदार्थ बघतात अशा एका ताईंनी हे बघावं, असं मला मनापासून वाटत होतं.

त्यांच्यापर्यंत जाण्याच्या वाटा थोड्याच. यूट्यूबवरची खाजगी निरोपाची सोय 2019 मध्येच बंद झाली. चॅनलच्या माहितीत ईमेल असतो, पण तो बहुधा जाहिरातींच्या कामासाठी. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाला, त्याने विनंती स्वीकारेपर्यंत, एकच निरोप पाठवता येतो आणि तोही फक्त मजकूर. फोटो नाही, व्हिडिओ नाही. समोरच्याने तो उघडून वाचला तरी आपल्याला कळत नाही. पैसे घेऊन शाउटआउट देणारी पानंही आहेत. त्या वाटेला कुणी जाऊ नये. तिथे न बघता केलेलं कौतुक मिळतं, आणि ते व्हिडिओ बनवणाऱ्याच्या काहीच कामाचं नसतं.

तो एक निरोप लिहायला मला एडिटिंगइतकाच वेळ लागला. ‘मी तुमची मोठी फॅन आहे’ हे काढलं, ‘प्लीज सपोर्ट करा’ काढलं. शेवटी उरलं ते असं: ‘परवा तुम्ही आमटी केलीत त्या तांब्याच्या पातेल्यावर मठारकाम दिसलं. ते ठोके कसे पडतात ते मी चित्रित केलं आहे. सहाव्या मिनिटापासून बघितलंत तरी चालेल.’ मोठ्या माणसाकडे वेळ मागताना नेमका किती आणि कशासाठी हे सांगावं, असं मला वाटतं.

उत्तर इन्स्टाग्रामवर आलंच नाही. यूट्यूबवर व्हिडिओखाली त्यांची कमेंट पडली: ‘ठोका मारताना भांडं आतून कशावर टेकवतात? हात मध्ये येतो, दिसत नाही.’

एवढंच. मी ती कमेंट पिन केली, हार्ट दिलं. नंतर त्यांनी इन्स्टाग्राम स्टोरीतही व्हिडिओ ठेवला. स्टोरी 24 तासांनी गेली. त्या दिवशी आकडे उसळले, पण आलेल्यांतले बरेच पहिल्या अर्ध्या मिनिटातच निघून गेले. यूट्यूब स्टुडिओतल्या आलेखाची रेषा तिथे सरळ खाली उतरते. जे थांबले त्यांच्यामुळे ठोक्यांच्या जागी ती पुन्हा वर चढली आहे, म्हणजे तेवढा भाग लोकांनी मागे जाऊन परत पाहिला. गर्दी स्टोरीने आणली, पण माझं पुढचं काम त्या प्रश्नाने ठरवलं. भांड्याच्या पोटात लोखंडी आधार असतो. ठोका नेमका त्याच्यावर पडला नाही तर पत्र्याला पोचा येतो. म्हणजे कौशल्याचा अर्धा भाग माझ्या चौकटीच्या बाहेर राहिला होता. आता फोन जमिनीलगत ठेवून भांड्याच्या तोंडातून आत बघायचं, असं, ज्यांचं काम मी चित्रित करते त्या तांबट काकांशी ठरवलं आहे.

काकांना मी ती कमेंट वाचून दाखवली, त्या ताईंचे सबस्क्रायबर किती तेही सांगितलं. आकड्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. हातोडी खाली ठेवून म्हणाले, “पातेल्याला आतून कल्हई कधी केली होती ते विचार त्यांना. आमटीत आमसूल घालत असतील तर तांबं उघडं नको. लिही, आत्ताच लिही.”