एका ‘पेन’ची मराठी किती?

वाचकहो, शीर्षकातले पेन खिशाला लावायचे नव्हे, दुखण्याचे आहे. हैदराबादेतल्या माझ्या दवाखान्यात मराठी, तेलुगू आणि दखनी बोलणारे लोक येतात. हल्ली तिघेही एकच सांगतात, “डॉक्टर, पेन होतंय.”

आमच्या शास्त्रात एवढ्यावर भागत नाही. रोग्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, असे हॅनिमन यांनी ‘ऑर्गेनन’मध्ये सांगून ठेवले आहे. केंट यांच्या १८९७ सालच्या रेपर्टरीत दुखण्याचे जळणारे, टोचणारे, कापणारे असे प्रकार वेगवेगळे नोंदलेले आहेत. आधुनिक वैद्यकानेही हे मानले. मेलझॅक यांच्या १९७५ सालच्या प्रश्नावलीत वेदनेचे ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत.

मराठीला अशी प्रश्नावली बाहेरून आणावी लागत नाही. दात ठणकतो, गळू ठसठसते, डोळे चुरचुरतात, जखम झोंबते. पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, कमरेत चमक निघते, पायात गोळा येतो, तापात अंग कसकसते. बाळंतिणीला येतात त्या कळा किंवा वेणा. इंग्रजीत या सगळ्यांना ‘पेन’ चालते. मनाला लागते तेही पेनच. आपण त्याला दुःख म्हणतो, व्यथा म्हणतो, जुने असेल तर सल म्हणतो. ‘टेकिंग पेन्स’ म्हणजे तर कष्ट घेणे. तिथे दुखत काहीच नाही!

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘पोएना’, म्हणजे शिक्षा. आपल्या ‘वेदना’चा धातू ‘विद्’, म्हणजे जाणणे. जैन कर्मविचारात वेदनीय कर्माचे साता आणि असाता असे दोन भेद आहेत. म्हणजे तिथे सुखही ‘वेदले’ जाते.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. एकदा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. “चेस्ट पेन आहे, ॲसिडिटी असेल,” म्हणाला. मी वडिलांना विचारले, “काका, नेमके काय होते?” ते म्हणाले, “छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं वाटतं, डावा हात भरून येतो.” मी पुडी बांधली नाही. त्याच रिक्षाने त्यांना हृदयरोगाच्या रुग्णालयात पाठवले. दुखणे हृदयाचेच निघाले. वेळेत पोचले म्हणून वाचले. छातीतल्या जळजळीचीही खात्री करून घ्यावी लागते, पण ‘दगड’ या शब्दाने मला क्षणभरही थांबू दिले नाही.

ते शब्द वडिलांकडे होते. मुलाकडे फक्त ‘पेन’ होते. म्हणून विनंती एवढीच, की घरातले मूल “पेन होतंय” म्हणाले, तर त्याला विचारा: ठणकतंय, टोचतंय, की जळजळतंय? त्याचे उत्तर पुढे एखाद्या डॉक्टरच्या उपयोगी पडेल.